फ्रँकलिनच्या फळ्या
तारकर्लीला पाण्यात उतरलो तेव्हा भाड्याचे फिन्स एक माप मोठे निघाले. टाच सटकत होती. थोड्याच वेळात पोटरीत गोळा आला. वर आल्यावर आठवला तो बेंजामिन फ्रँकलिन. पोरवयात त्याने हातांसाठी लाकडी फळ्या केल्या होत्या, सुमारे १० इंच लांब, ६ इंच रुंद. वेग वाढला, मनगटं थकली. तळपायांनाही त्याने सपातांसारखं काही बांधलं, पण समाधान झालं नाही: रेटा नुसत्या तळव्याचा नसतो, पावलाच्या आतल्या बाजूचा आणि घोट्याचाही असतो, हे त्या पोराने ओळखलं! रबरी फिन्सचं पेटंट फ्रेंच नौदलातल्या लुई द कोर्लियू यांनी घेतलं ते थेट १९३३ साली. दुसऱ्या दिवशी मी बूट चढवून, टाच हलत नाही ना हे बघूनच जोडी उचलली.