चोडणचा बांध आणि खारफुटीचे रान

माशेलचा देवकीकृष्ण मूळचा चोडण बेटावरचा, हे भाविकांना सांगावयास नको. १५१० साली तिसवाडी पोर्तुगीजांच्या हाती गेली. पुढे त्याच शतकात देवळांवर संकट ओढवले, तेव्हा मूर्ती प्रथम मये येथे आणि नंतर माशेलास नेण्यात आली. देव स्थलांतरित झाला, भूमी मात्र तेथेच राहिली. त्या भूमीच्या पश्चिम टोकास, मांडवीच्या काठी, १९८८ साली डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र अवघे १.७८ चौरस किलोमीटर. रायबंदरहून फेरीबोटीने येऊन पुष्कळ प्रवासी लहान होडीतून तेथील खारफुटीचे रान पाहतात. असे पर्यटन रानाला न मारता कसे चालवावे, हा आजचा प्रश्न होय. त्याचे अर्धे उत्तर आपल्या जुन्या गावगाड्यात आहे.

नदीमुखाजवळची खाजन शेती ही पूर्वजांनी खाऱ्या पाण्याशी केलेली तडजोड होती. माती, गवत व जांभा दगड यांचे बांध घालून त्यांनी भातजमीन उभी केली. बांधात मानस नावाचे झडपांचे दार असे. ओहोटीला आतले पाणी ते दार ढकलून बाहेर जाई आणि भरतीच्या दाबाने दार आपोआप मिटे. बांधाबाहेरच्या तिवर-कांदळांनी लाटेचा जोर मोडावा, मुळांनी गाळ धरावा, माशांच्या पिलांना आसरा द्यावा, अशी ही व्यवस्था होती.

या सर्वांची राखण गावकरी संस्था करी. तिच्या प्रथा अफोंसो मेशिया याने १५२६ साली लेखनिविष्ट केल्या. म्हणजे परकी सत्तेलाही ती संस्था मोडून चालण्यासारखे नव्हते. मानशीपाशी मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिला जाई आणि त्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी होई. पाण्याने दिलेले धन पाण्यापासून रक्षण करण्याकडेच परत जाई. यातील शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढे ही साखळी सैल झाली. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यास न्याय मिळाला, परंतु सामुदायिक राखणीचा भार कोणाच्या खांद्यावर, हे नीट ठरले नाही. कित्येक ठिकाणी लिलाव घेणारा ठेकेदार अधिक मासळीच्या लोभाने मानस अवेळी उघडी ठेवू लागला. ठेका थोड्या काळाचा, बांध पिढ्यांचा! खारे पाणी आत शिरले, भात गेले आणि पडीक शेतांत खारफुटी उगवली. गोव्यातील काही खारफुटी अशा रीतीने पराभूत शेतावर उभी आहे. १९९१ च्या किनारी नियमन अधिसूचनेने तिला संरक्षण मिळाले, ते योग्यच; तथापि शेतकऱ्याची हानी त्यामुळे भरून येत नाही.

म्हणून पर्यटनाची आखणी करताना मानशीचा धडा विसरू नये. होडीचा ठेका दूरच्या धनिकास दिला, तर जे मासळीचे झाले तेच रानाचे होईल. होड्यांची संख्या व वेळ भरतीओहोटी आणि पक्ष्यांची वीण पाहून ठरवावी. यंत्राच्या लाटेने काठ ढासळू नये, म्हणून वल्ह्यांच्या होड्या असाव्यात. आणि उत्पन्नाचा ठरावीक भाग बांधाच्या दुरुस्तीकडे जावा. हे अशक्य नाही. महाराष्ट्रात २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापन झाला. पुढे वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्थानिक स्त्रियांच्या बचतगटाने स्वतः होड्या वल्हवून प्रवाशांना खारफुटी दाखविण्याचा उद्योग आरंभिला. रान उभे राहिले तरच चूल पेटणार, हे ज्याला ठाऊक, त्याच्या हाती रान सुरक्षित असते.

आषाढात चिखलकाल्याच्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या प्रांगणात आपण चिखल अंगास माखून घेतो. ज्या बेटावरून तो देव आला, तेथील चिखलानेच भात, मासळी आणि गाव पोसले. त्या चिखलाचा मान वर्षातून एकच दिवस राखून कसे भागेल?