चिखलात बसलेली जहाजं

‘हाय अँड ड्राय’ म्हणजे अडचणीत टाकून सगळे निघून जाणं. हा वाक्प्रचार मुळात खलाशांचा: पाणी ओसरतं, जहाज कोरडं पडतं.

मी कोकणातला, ओहोटी मला नवी नाही. पण इंग्लंडातल्या ब्रिस्टलची ओहोटी वेगळीच. तिथं एव्हन नदीत भरती-ओहोटीचा फरक बारा मीटरच्याही वर जातो, म्हणजे चार मजली घराएवढा! गलबतं धक्क्याला लागायची आणि काही तासांत चिखलात कलंडायची. सांगाडा कच्चा असला तर तडकायचा. नीट न बांधलेली पिंपं एका अंगाला गडगडायची. म्हणून ब्रिस्टलचे लोक माल कसा आवळून बांधतात, याची ख्याती झाली. नाइलाजाची शिस्त, दुसरं काय!

शेवटी विल्यम जेसप या इंजिनिअरनं दरवाजे घालून नदीचं पाणीच कोंडलं. १८०९ मध्ये गोदी खुली झाली, मजुरांना मेजवानी मिळाली, आणि बिअर संपल्यावर इंग्लिश व आयरिश मजुरांत तुंबळ मारामारी झाली.

जहाजं तरंगती राहिली, पण गोदीचे दर इतके चढे की बराच व्यापार लिव्हरपूलकडे गेला. १८४८ मध्ये नगरपालिकेला गोदी ताब्यात घ्यावी लागली.