इंजिन बंद करण्याचीही एक रीत असते

जळकोट (ता. तुळजापूर) : मृगाचा पाऊस पडतो, सोयाबीन उगवून येते आणि त्याच्यापेक्षा दुप्पट जोमाने तण उगवते. वापसा येताच कोळपणी उरकली नाही, तर पुढचा पाऊस शेतात पाय ठेवू देत नाही. नेमक्या अशा वेळी गोठ्याच्या कोपऱ्यातून बाहेर काढलेले गवत कापण्याचे यंत्र किंवा पॉवर वीडर दोरी ओढून ओढून हात भरून आले तरी सुरू होत नाही. मिस्त्रीकडे नेल्यावर तो कार्ब्युरेटर उघडतो आणि तळाशी साचलेला पिवळसर चिकट थर दाखवतो. यंत्र त्या दिवशी बिघडलेले नसते. मागच्या हंगामात शेवटच्या दिवशी ते ज्या रीतीने बंद केले गेले, तेव्हाच हा बिघाड सुरू झालेला असतो.

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गच्या पुढे असलेले हे जळकोट धाराशिव जिल्ह्यातले. लातूर जिल्ह्यातील याच नावाचे तालुक्याचे गाव वेगळे. येथील शेतीत छोट्या पेट्रोल इंजिनांचा वापर अलीकडे बराच वाढला आहे. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, आणि बांधावरचे गवत वाट पाहत नाही. केंद्र सरकारचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून सुरू झाल्यावर अशा अवजारांना अनुदानही मिळू लागले. मात्र यंत्र विकणारा ते सुरू कसे करावे एवढेच दाखवतो. बंद कसे करावे, हे पुस्तिकेत छापलेले असते आणि पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत जाते. शहरातील गृहनिर्माण संस्थांच्या हिरवळीवर फिरणाऱ्या यंत्रांची अवस्था याहून निराळी नाही.

गवत कापण्याचे यंत्र मूळचे इंग्लंडमधले. ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउडच्या एडविन बडिंग याने १८३० मध्ये त्याचे पेटंट घेतले. कापड गिरणीत लोकरीची लव छाटणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती. ते हाताने ढकलायचे यंत्र होते, त्यामुळे ढकलणारा थांबला की यंत्र थांबे. पेट्रोल इंजिन बसवलेली यंत्रे विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात आली आणि ‘बंद करणे’ हे स्वतंत्र काम होऊन बसले.

आधी वेग उतरवा

चार-स्ट्रोक छोटे इंजिन काम करताना मिनिटाला साधारण ३,००० ते ३,६०० फेरे घेते. ३,६०० फेऱ्यांवर सिलिंडरमध्ये सेकंदाला ३० स्फोट होतात. अशा भरवेगात स्विच दाबला तर ठिणगी तत्काळ बंद होते, पण जड चाक लगेच थांबत नाही. ते आणखी काही फेरे घेते आणि प्रत्येक दुसऱ्या फेऱ्याला पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढत राहते. हे न जळलेले मिश्रण लालबुंद तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन पेटते. बंद करताना ‘धाड’ असा आवाज येतो तो याचाच. पुष्कळ जण त्याला इंजिनाच्या ताकदीची खूण समजतात. वस्तुतः त्यात सायलेन्सरचे आयुष्य कमी होते आणि आसपास वाळलेले गवत असेल तर ठिणगी पडण्याचा धोका असतो.

दुसरे कारण उष्णतेचे. या इंजिनांना पाण्याचे रेडिएटर नसते. सिलिंडरभोवतीच्या पातळ पंखांवरून चाकाचा पंखा वारा सोडतो, तेवढीच काय ती थंड करण्याची सोय. इंजिन थांबले की वाराही थांबतो आणि आत कोंडलेली उष्णता डोक्याकडे, झडपांकडे व कार्ब्युरेटरकडे पसरते. म्हणून आधी यंत्र गवतातून बाहेर काढावे, पात्यावरचा भार उतरवावा, रेस कमी करून एक-दोन मिनिटे संथ चालू द्यावे आणि मग स्विच बंद करावा. मराठवाड्यात ऑक्टोबरच्या उन्हात ही दोन मिनिटे विशेष मोलाची ठरतात. काही ढकलयंत्रांत रेसची दांडीच नसते, मुठीवरची पट्टी सोडली की इंजिन थांबते. तेथे कापणी संपल्यावर मोकळ्या जागी अर्धा-एक मिनिट चालवून मग पट्टी सोडावी. ही पट्टी सुरक्षिततेसाठी आहे. ती सोडल्यावर पाते ३ सेकंदांच्या आत थांबलेच पाहिजे, असा नियम अमेरिकेत १९८२ पासून लागू आहे. आपल्याकडे मात्र सोय म्हणून ती पट्टी दोरीने मुठीला बांधून ठेवलेली यंत्रे सर्रास दिसतात. हा प्रकार बोटांशी खेळण्याचा आहे, याहून सौम्य शब्द त्याला नाही.

स्विच बंद करूनही इंजिन थांबत नाही, अशी तक्रार कधी कधी येते. त्याचे कारण बल्बच्या उलट आहे. या इंजिनांत चाकावरचे लोहचुंबक कॉइलजवळून फिरते आणि वीज तयार होते. स्विच ‘बंद’ केला की ही वीज तारेवाटे इंजिनाच्या धडात उतरते व प्लगपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे थांबवण्यासाठी तार जोडलेली असावी लागते. ती तुटली तर इंजिन चालूच राहते. अशा वेळी प्लगची टोपी हाताने ओढू नये, जबर झटका बसतो. चोक पूर्ण बंद करावा अथवा पेट्रोलचा कॉक बंद करून वाट पाहावी.

उसाचे पेट्रोल आणि कार्ब्युरेटर

रोजच्या वापरात स्विच बंद केल्यावर कॉकही बंद करणे पुरेसे असते. यंत्र वाहनात घालून न्यायचे असेल तर ते विसरून चालत नाही, कारण धक्क्यांनी कार्ब्युरेटर भरून वाहतो आणि पेट्रोल सिलिंडरमधून तेलात उतरते. परंतु यंत्र महिनाभर किंवा अधिक काळ ठेवायचे असेल, तर क्रम उलटा करावा : आधी टाकी रिकामी करावी वा कॉक बंद करावा, इंजिन संथ चालू ठेवावे आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल संपून ते आपोआप थांबू द्यावे. काही मिनिटे लागतात.

या खबरदारीचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. पेट्रोल ठेवले की त्यातील हलका भाग उडून जातो आणि मागे राळेसारखा थर उरतो. एक महिन्याहून जुने पेट्रोल वापरू नये, असे बहुतेक इंजिन उत्पादक सांगतात. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये झाले, त्यांत महाराष्ट्रातील मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्क्यांचा टप्पा गाठला. उसाच्या पट्ट्याला त्याचा लाभ झाला, यात वाद नाही. धाराशिव, सोलापूर भागातला ऊस कारखान्यात जातो, त्याचे इथेनॉल होते आणि तेच पेट्रोलमधून बांधावरच्या यंत्रात परत येते. मात्र इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा मर्यादेबाहेर गेला की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसतात, आणि कार्ब्युरेटर पेट्रोल घेतो तो तळातूनच. धातू गंजतो, रबरी नळ्या व पडदे कडक होतात आणि एक मिलिमीटरहूनही बारीक असलेले जेटचे छिद्र बुजते. रोज चालणाऱ्या मोटारसायकलीत पेट्रोल साचून राहत नाही; वर्षातले आठ महिने कोपऱ्यात उभ्या असलेल्या यंत्रात ते राहते. शिवाय अनेक कंपन्यांनी आपली छोटी इंजिने १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलसाठीच योग्य असल्याचे पुस्तिकेत लिहिलेले आहे. पंपावर तसे पेट्रोल मिळत नसेल, तर निदान ते यंत्रात मुरू देऊ नये, एवढे मालकाच्या हाती उरते.

खांद्यावर अडकवायच्या ब्रश कटरमध्ये बहुधा दोन-स्ट्रोक इंजिन असते आणि त्याचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. इंधन संपत आले की वंगणही संपत आले, असा त्याचा अर्थ. म्हणून ते रिकामे करताना रेस वाढवून ‘लवकर संपव’ असे कदापि करू नये. टाकी ओतून घ्यावी आणि उरलेले संथ गतीवरच जळू द्यावे.

डिझेलला हा नियम लागू नाही

जुन्या पिढीतील शेतकऱ्याला इंजिन म्हटले की विहिरीवरचे ऑइल इंजिन आठवते. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३०च्या दशकात डिझेल इंजिने बनवायला घेतली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. विजेचे खांब शिवारात येण्यापूर्वी मराठवाड्यातील बागायत याच इंजिनांच्या ‘टुक टुक’ आवाजावर चालत होती. वीज नसेल तेव्हा ती आजही उपयोगी पडतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते, म्हणून ते थांबवायचे तर डिझेलच तोडावे लागते. त्यासाठी पंपाजवळ स्वतंत्र दांडी असते. पण हँडल मारताना इंजिन हलके फिरावे म्हणून वर जी डी-कॉम्प्रेशनची लिव्हर असते, ती उचलून इंजिन थांबवण्याची सवय गावोगाव आहे. इंजिन थांबते हे खरे. परंतु तोवर न जळलेले डिझेल सिलिंडरमध्ये फवारले जाते, भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि वेगात असलेल्या झडपेवर व पुशरॉडवर ताण येतो. उत्पादकांच्या पुस्तिका या सवयीविरुद्ध स्पष्ट इशारा देतात.

पेट्रोल इंजिन संपवून थांबवणे हिताचे, तर डिझेल इंजिन तसे थांबवणे अहिताचे. टाकी कोरडी पडली की नळ्यांमध्ये हवा शिरते आणि पुढच्या वेळी पाना घेऊन हवा काढत बसावे लागते. डिझेलची टाकी उलट भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरत नाही.

थांबल्यानंतरचे काम

इंजिन थांबल्यावर लगेच पेट्रोल ओतू नये, गरम इंजिनावर पाणी मारू नये आणि त्यावर ताडपत्री टाकू नये. तिन्ही गोष्टी घाईने घडतात. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. सायलेन्सर गरम असताना सांडलेला एक घोटही पुरतो. थंड झाल्यावर पहिले काम प्लगची टोपी काढण्याचे. पात्यात अडकलेले गवत काढताना पाते हाताने फिरले तर तापलेले इंजिन एखादा फेरा मारू शकते, आणि बोट जायला एक फेरा पुष्कळ झाला. ढकलयंत्र आडवे करायचे असेल तर कार्ब्युरेटर व एअर फिल्टरची बाजू वर ठेवावी, अन्यथा तेल फिल्टरमध्ये उतरते आणि पुढच्या वेळी पांढऱ्या धुराचे लोट निघतात. पात्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले ओले गवत त्याच दिवशी खरवडावे. पत्रा तेथूनच गंजतो. सिलिंडरच्या पंखांमध्ये बसलेला भुसा ब्रशने काढावा.

हंगाम संपल्यावर तेल बदलायचे ते इंजिन कोमट असताना, म्हणजे गाळही तेलाबरोबर निघून येतो. प्लग काढून त्या छिद्रातून स्वच्छ तेलाचे थोडे थेंब सोडावेत, दोरी दोन-तीनदा हळू ओढावी आणि प्लग परत बसवावा. शेवटी चार-स्ट्रोक इंजिनाची दोरी हळूच ओढून जेथे जोर लागू लागतो तेथे सोडून द्यावी. त्या ठिकाणी दोन्ही झडपा मिटलेल्या असतात आणि पावसाळी दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. यंत्र ठेवण्याची जागा चुलीपासून व गॅसच्या शेगडीपासून दूर असावी. कडब्याची गंजही जवळ नसावी.