गणिताच्या पेपरची तयारी : मॅट्रिक ते सीईटी

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. तोवर गावोगावच्या शाळांत गणिताचा सराव मुख्यतः तोंडी चाले. मुले पंतोजींपुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, घोकत. व्याज, माप, मजुरी यांचे हिशेब क्षणात सांगता आले की गणित आले, असे धरले जाई. लेखी परीक्षेने ही कसोटीच बदलली. उत्तर बरोबर येणे आता पुरत नव्हते. ते कसे आले, हे ठरलेल्या वेळात आणि कधीही न भेटणाऱ्या परीक्षकाला पटेल अशा रीतीने कागदावर मांडावे लागे. ‘पेपर सोडवणे’ ही सवय इथून लागली.

या सवयीसाठी नव्या घडणीची पुस्तके लागली. वरच्या वर्गांत हॉल आणि नाइट यांचे ‘हायर अल्जिब्रा’ आणि एस. एल. लोनी यांची त्रिकोणमिती व भूमितीची पुस्तके आली. आधी थोडे विवेचन, मग सोडवून दाखवलेली उदाहरणे, त्यानंतर लांबलचक उदाहरणसंग्रह आणि शेवटी उत्तरे, ही रचना मराठी विद्यार्थ्यांच्या इतकी अंगवळणी पडली की गणिताचे पुस्तक वेगळे असू शकते हेच विसरले गेले. गोपाळ कृष्ण गोखले यांचे अंकगणिताचे पुस्तकही याच घडणीचे. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवताना ते तयार झाले आणि पुढे दूरवरच्या शाळांत वापरले गेले. राजकारणातले गोखले सर्वांना ठाऊक असतात. हजारो मुलांच्या हातून उदाहरणे सोडवून घेणारे गोखलेही तितकेच आठवणीत राहायला हवेत.

मॅट्रिकनंतरचे गणित दीर्घकाळ महाविद्यालयांतच, इंटरच्या वर्गात, शिकवले जाई. १९७५ च्या सुमारास महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला. अकरावी-बारावी ‘ज्युनिअर कॉलेज’ झाली आणि बारावीची परीक्षा राज्य मंडळाकडे आली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, पण इच्छुक त्याहून वाढले. प्रवेश बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या तीन विषयांच्या गुणांवर होई. त्यामुळे ‘पीसीएम किती?’ हा घराघरांतला प्रश्न झाला. तिन्हींत गणितावर सर्वांची मदार असे, कारण पैकीच्या पैकी गुण मिळू शकणारा विषय तोच.

गाइड, अपेक्षित प्रश्नसंच, क्लास आणि प्रिलिम यांची भरभराट याच वर्षांतली. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून पुढे आलेल्या ‘लातूर पॅटर्न’ने तर सरावालाच शिकवण्याच्या मध्यभागी आणले. धडा लवकर संपवायचा, मग चाचण्यांमागून चाचण्या घ्यायच्या, उत्तरपत्रिकेतली चूक दाखवायची आणि पुन्हा लिहून घ्यायचे. मोठ्या शहरांचे क्लास ज्यांच्या आवाक्यात नव्हते, अशा मराठवाड्यातल्या मुलांना या शिस्तीने गुणवत्ता यादीपर्यंत नेले. तिच्यावर घोकंपट्टीचा आरोप होतो, पण ही बाजू नजरेआड करणे अन्यायाचे होईल.

मंडळाच्या पेपरचा सराव हा मुळात मांडणीचा सराव. एक्स गुणिले ई-चा-एक्स-घात याचे इंटिग्रेशन घ्या. दोन फलनांपैकी पहिले कोणते धरायचे, सूत्र, त्यात किमती, सोपे रूप आणि शेवटी ‘अधिक सी’. प्रत्येक पायरीचे मोल असते. उत्तर चुकले तरी रीतीचे गुण मिळतात. कॅल्क्युलेटरला परवानगी नसल्याने लॉग टेबलही हाताखालचे असावे लागते. २३.४ चा लॉग पाहताना बोट २३ च्या ओळीवरून ४ च्या स्तंभापर्यंत जाते, तिथे ३६९२ मिळतात आणि मागे १ लावून १.३६९२ होतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांपुढे आणखी एक काम असे. भागाकार, वर्गमूळ, लसावि या शब्दांत दहा वर्षे विचार केल्यावर अकरावीत तेच सारे इंग्रजीत नव्याने ओळखायचे. शाळांतल्या ‘सेमी इंग्रजी’ वर्गांचे मूळ बरेचसे या अडचणीत आहे.

पुढे अभियांत्रिकीचे प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या सामाईक परीक्षेवर गेले. २०१४ व २०१५ ही दोन वर्षे तिच्याऐवजी जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेचे गुण धरले गेले, २०१६ पासून पुन्हा सीईटी आली. तिच्यात गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण आणि वेळ ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटेही नाहीत. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. इथे पायऱ्या कोणी पाहत नाही. वरचेच इंटिग्रेशन सीईटीत आले तर तयारीचा विद्यार्थी ते करतच नाही. चारही पर्यायांचे डेरिव्हेटिव्ह मनात काढून मूळ फलन कुठे परत येते ते पाहतो. मंडळाची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये संपते आणि काही आठवड्यांत सीईटी येते. तेवढ्या अवधीत त्याच मुलाला वर्षभर बाणवलेली सविस्तर लिहिण्याची सवय बाजूला ठेवून घड्याळ लावून, संगणकासमोर बसून सराव करावा लागतो.