शिसें, माती आणि प्लॅस्टिक

घरांतील गंजलेले लोखंडी नळ काढून नवे बसविण्याचा प्रसंग अलीकडे आमच्यावर आला. कारागिरानें प्लॅस्टिकचे नळ पुढें ठेवले आणि घरांत दोन पक्ष पडले. प्लॅस्टिकमधून आलेलें पाणी लेकरांना पाजावयाचें काय, ही एका पक्षाची शंका; सारें जग तेंच पितें, हें दुसऱ्याचें उत्तर. निवाडा आमच्याकडे आला. आम्ही पडलों इतिहासाचे शिक्षक. रसायनशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु हा वाद दोन हजार वर्षांचा आहे, आणि जुन्या साक्षी काढल्यावांचून निकाल देणें बरें नव्हे असें आम्हांस वाटलें.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांत विट्रूव्हिअस नांवाच्या रोमन स्थापत्यकारानें लिहून ठेवलें आहे कीं, शिशाच्या नळापेक्षां मातीच्या नळाचें पाणी अधिक आरोग्यकारक असतें. पुरावा म्हणून त्यानें शिशाचें काम करणाऱ्या कारागिरांच्या फिकट चेहऱ्यांकडे बोट दाखविलें. मातीच्या नळांची ही परंपरा आपल्याकडेहि होती. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, पाणचक्कीला डोंगरांतील पाणी मातीच्याच नळांतून आणलेलें होतें. पण रोमनें शिसें सोडलें नाहीं. तें मऊ, वाकविण्यास सोपें आणि सांधण्यास सुलभ! लॅटिन भाषेंत शिशाला 'प्लंबम' म्हणत. आपल्या घरीं येणारा प्लंबर हा त्याच शब्दाचा वंशज होय. रोमन साम्राज्य शिशानेंच बुडविलें, असें कांहीं जण म्हणतात. इतक्या मोठ्या घटनेचें इतकें सोपें कारण आम्हांस पटत नाहीं. पण सोयीपुढें इशारा हरला, एवढें मात्र खरें.

पुढें हीच कथा ग्लासगो शहरांत घडली. १८५९ सालीं कॅट्रिन सरोवराचें निर्मळ पाणी तेथें आलें आणि लोकांनीं धन्यता मानली. परंतु तें पाणी अतिशय मृदु. क्षारयुक्त पाणी शिशाच्या नळाला आंतून लेप देतें. मृदु पाणी तें शिसेंच विरघळवून नेतें. निर्मळ दिसणाऱ्या त्या पाण्यांतील हा दोष विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत नीट तपासला गेला, आणि मग पाण्यावर उपाययोजना सुरू झाली. अमेरिकेच्या मिशिगन राज्यांतील फ्लिंट शहरानें तर एप्रिल २०१४ मध्यें खर्च वांचविण्यासाठीं नदीचें पाणी घेतलें, पण नळ झिजूं नयेत म्हणून त्यांत जें द्रव्य मिसळावयाचें तें मिसळलें नाहीं. जुन्या नळांतील शिसें सुटून मुलांच्या रक्तांत गेलें. लोक तक्रार करीत होते, आणि पाणी सुरक्षित आहे असें अधिकारी सांगत होते.

आतां प्लॅस्टिककडे वळूं. पीव्हीसी हा पदार्थ बाउमान या जर्मन रसायनज्ञानें १८७२ मध्यें पाहिला. सीमन या अमेरिकन संशोधकानें १९२६ मध्यें तो मऊ व कामाजोगा केला. आणि पुढच्याच दशकांत जर्मनींत त्याचे नळ होऊं लागले. तो गंजत नाहीं, हलका असतो, स्वस्त पडतो. पण ज्या व्हिनाइल क्लोराइड वायूपासून तो बनतो, त्यानें यकृताचा दुर्मिळ कर्करोग होतो हें १९७४ मध्यें केंटकी राज्यांतील एका कारखान्याच्या कामगारांवरून उघड झालें. विट्रूव्हिअसच्या काळाप्रमाणेंच पहिली साक्ष पुन्हा कामगारांच्या देहांनीं दिली! त्यानंतर नळांत उरणाऱ्या त्या द्रव्यावर कडक मर्यादा आल्या.

इतकें होऊनहि गोष्ट संपत नाहीं. पीव्हीसी तापविला कीं विघटूं लागतो. तो स्थिर राहावा म्हणून त्यांत कांहीं क्षार मिसळावे लागतात, आणि वर्षानुवर्षें हे क्षार शिशाचे असत. म्हणजे पुढल्या दारानें घालविलेलें शिसें मागल्या दारानें घरांत आलें! युरोपांतील उत्पादकांनीं २०१५ अखेर त्याचा वापर थांबविला. आपल्या सरकारनें २०२१ मध्यें तो टप्प्याटप्प्यानें बंद करण्याचे नियम केले. कथील किंवा कॅल्शियम व जस्त यांचे क्षार तेंच काम करूं शकतात. परंतु त्यापूर्वींचे नळ भिंतींत तसेच आहेत. आणि मुलांच्या बाबतींत शिशाचें निर्धोक असें प्रमाणच माहीत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तेव्हां आमचा निवाडा असा. नळ धातूचा कीं प्लॅस्टिकचा, हा प्रश्नच अपुरा आहे. त्यांत काय मिसळलें आहे, तें कोणी तपासलें आहे, आणि त्यांतून कसलें पाणी वाहणार आहे, हें विचारलें पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी नळांसाठीं भारतीय मानक ४९८५ आहे. गरम पाण्यासाठीं सीपीव्हीसीचें मानक निराळें. मानकाची खूण आणि शिसें नसल्याची नोंद पाहूनच नळ घ्यावा. जुन्या नळांत रात्रभर साठलेलें पाणी सकाळीं पिण्यासाठीं घेऊं नये. तें झाडांना घालावें.

आमच्या घरीं अखेर प्लॅस्टिकचाच नळ बसला. मात्र बसविण्यापूर्वीं आम्हीं चष्मा लावून त्यावरील अक्षरें वाचलीं. कारागीर हंसला. हंसूं दे, दोन हजार वर्षें कोणी तीं वाचण्याचा आग्रह धरला नाहीं, म्हणूनच एवढा इतिहास घडला.