वेगाची वेसण

वेगाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. थांबण्याचा इतिहास लिहायला मात्र सहसा कोणी बसत नाही. धावणाऱ्याचे कौतुक चारचौघांत होते, थांबवणाऱ्याची आठवण अपघातानंतर होते. माझी उमर मोटारींचे ब्रेक दुरुस्त करण्यात गेली. तेव्हा माझा कल दुसऱ्या बाजूला असला, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

काही वर्षांपूर्वी मी मुलाकडे कॅलिफोर्नियात राहायला गेलो होतो. जवळच पोमोना येथे ड्रॅग शर्यतीच्या मोटारींचे संग्रहालय आहे. एका दुपारी वेळ जाईना म्हणून तिथे गेलो आणि संध्याकाळपर्यंत हललो नाही. लांबलचक, सडपातळ अंगाच्या त्या मोटारी! मागची चाके जात्यासारखी रुंद, पुढची सायकलीच्या चाकांसारखी किरकोळ. सवयीने वाकून पाहिले, तो कित्येकींच्या पुढच्या चाकांना ब्रेकच नाही! थांबताना गाडीचे वजन पुढे झुकते, म्हणून पुढचे ब्रेक जास्त काम करतात, हे आम्ही शिकाऊ पोराला पहिल्याच आठवड्यात सांगतो. इथे तर सारी भिस्त मागच्या दोन चाकांवर.

ही शर्यत म्हणजे पाव मैलाचा, १३२० फुटांचा सरळ रस्ता. दोन मोटारी शेजारी उभ्या राहतात आणि उभ्या जागेवरून सुटतात. तिचे मूळ म्यूरॉक व एल मिराज येथील कोरड्या तळ्यांच्या पात्रांत सापडते. १९३० नंतरच्या दशकात जुन्या फोर्ड गाड्या हलक्या करून तरुण मंडळी तिथे वेग अजमावीत. युद्ध संपल्यावर हा नाद गावात आला. १९५० साली सांता आना येथील विमानांच्या धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. आणि १९५५ साली कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली.

पण ब्रेकांचे काय? माल्कम लॉकहीड यांच्या द्रवदाबाच्या ब्रेकांनी ड्यूसेनबर्ग मोटार १९२१ सालीच थांबू लागली होती, १९२४ साली क्रायस्लरनेही ते घेतले. फोर्डने मात्र १९३९ च्या गाड्या येईपर्यंत यांत्रिक ब्रेकच चालवले. म्हणून ही पोरे जुन्या फोर्डला १९३९ पासूनच्या फोर्डचे ब्रेक बसवीत. पुढे वेग इतका वाढला, की नुसते ब्रेक पुरेनात. मग गाडीच्या पाठीला पॅराशूट आले.

पॅराशूट आले म्हणून चिंता गेली, असे मात्र नाही. १९६४ च्या ऑक्टोबरात क्रेग ब्रीडलव्ह यांनी बॉनव्हिलच्या मिठागरात जेटच्या मोटारीने ताशी पाचशे मैलांची मर्यादा ओलांडली. ती ड्रॅगची शर्यत नव्हे. पण धडा तोच. पॅराशूट निकामी झाले, ब्रेक जळून गेले आणि गाडी मैलोगणती धावत खारट पाण्याच्या डबक्यात शिरली. ते पोहून बाहेर आले. २००८ च्या जूनमध्ये न्यू जर्सीतील एंगलिशटाउन येथे स्कॉट कॅलिटा यांचे दैव असे बलवत्तर नव्हते. इंजिनाचा स्फोट झाला, गाडी धावपट्टीच्या शेवटी थांबली नाही, आणि ते गेले. त्यानंतर सर्वांत वेगवान गाड्यांची शर्यत १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणली गेली. थांबायला जागा मिळावी, म्हणून पळण्याची जागा कापली!

हे सारे मी मुलाच्या शेजाऱ्याला सांगत होतो. त्यांच्या गॅरेजात एक जुनी फोर्ड ड्रॅगसाठी सजवलेली होती आणि रविवारी ती त्यांचा नातू चालवणार होता. तक्रार एवढीच, की मागचे ब्रेक धरत नाहीत. सुटण्याच्या रेषेवर इंजिन चढवले, की दिवा हिरवा होण्याआधीच गाडी पुढे सरकते. म्हातारबुवांनी पॅड बदलले होते, मास्टर सिलिंडर बदलला होता, गुण शून्य.

मी पेडल दाबले. पाय मऊ गादीत जावा तसा गेला. लागोपाठ दुसऱ्यांदा दाबले, तेव्हा पेडल वर आले. म्हटले, "नळ्यांत हवा आहे." द्रव दबत नाही, हवा दबते, पायाचा जोर चाकापर्यंत पोचण्याऐवजी ती हवा दाबण्यातच खर्च होतो. ते चिडून म्हणाले, "तीनदा हवा काढली. एक बुडबुडासुद्धा निघत नाही!"

मग मी मागे जाऊन चाकामागे डोके घातले. कॅलिपरची हवा काढण्याची निपल खालच्या अंगाला होती. हवा नेहमी वर चढते. ती निपलच्या वर कोंडून बसली होती आणि खालून नुसते ब्रेक ऑईल बाहेर येत होते. गाडी जुळवताना डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता, एवढीच चूक! आमच्याकडे घाटाच्या पायथ्याशी एका ट्रकने मला हे शिकवले होते, म्हणून ओळखले.

शनिवारी रात्रीपर्यंत कॅलिपर बदलून झाले. निपल वर आली, हवा फुसफुसत निघाली आणि पेडल दगडासारखे कडक झाले. नातवाला वाटले, काम फत्ते. मी म्हणालो, "उद्या शर्यत नाही. आधी चाके उचलून तपासू, मग मोकळ्या जागी हळू वेगात पुन:पुन्हा थांबवून पाहू." पोराचा चेहरा पडला. मुलानेही मला कोपऱ्यात घेऊन सांगितले, "बाबा, परक्याच्या घरात एवढा हट्ट बरा नव्हे." क्षणभर मलाही वाटले, गप्प बसावे.

आजोबांनी माझ्याकडे पाहिले, मग भिंतीवरची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. तो रविवार गॅरेजातच गेला.

पुढच्या रविवारी नातू धावला. मी सुटण्याच्या रेषेकडे पाहिलेच नाही. दुसऱ्या टोकाला कठड्याशी उभा होतो. धूळ उडाली, गाडी आली आणि वळणाच्या पुष्कळ अलीकडे शांतपणे थांबली. तो कितवा आला, हे मला आजही आठवत नाही.