बाप म्हणजे भात

गेल्या श्रावणात ताडकळसच्या आमच्या शाळेत, मधल्या सुटीत, माझ्या हातून एक चूक झाली. दहावीतल्या एका मुलीने डबा उघडला, त्यात काळ्या पानात गुंडाळलेल्या भाताच्या चकत्या होत्या. भाऊ पुण्याला कारखान्यात नोकरीस. काळ्या पानांचा पुडा त्याने आणलेला, कृती तिने मोबाइलवर पाहिलेली. मी जाणतेपणाचा आव आणून म्हणालो, "अगं, ही जपानी वस्तू. सुशी म्हणतात हिला."

"नाही सर, हे किम्बाप. कोरियाचं."

'बाप' ऐकताच वर्ग हसला. तिने न लाजता फोड केली. किम म्हणजे समुद्रातल्या शेवाळाचे हे वाळवलेले पान, आणि बाप म्हणजे शिजवलेला भात. २०२२ सालच्या एका कोरियन मालिकेतली वकील मुलगी हेच खाते, कारण आत काय भरले आहे ते चकतीत उघड दिसते, काही लपत नाही.

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला ही थप्पडच होती. मी मुकाट्याने एक चकती खाल्ली आणि पुढचे दोन महिने कोरियाचा इतिहास वाचण्यात घालवले.

पान जुने आहे. पंधराव्या शतकात लिहिलेल्या कोरियाच्या प्रांतवर्णनांत या शेवाळाचा उल्लेख येतो. सतराव्या शतकात ग्वांगयांगजवळच्या एका बेटावर किम यो-इक नावाच्या गृहस्थाने समुद्रात काठ्या रोवून त्याची लागवड सुरू केली असे सांगतात, आणि 'किम' हे नाव त्याच्याच आडनावावरून पडले अशी दंतकथा आहे. १८४९ साली हाँग सोक-मो याने सणावारांचे एक पुस्तक लिहिले. वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला भाजीच्या पानात किंवा किममध्ये भात गुंडाळून खातात, त्याला 'बोकस्साम' म्हणजे भाग्याची गुंडाळी म्हणतात, असे त्यात नोंदले आहे. आपल्याकडे संक्रांतीला तीळगूळ, तसे त्यांच्याकडे हे.

मग १९१० साली जपानने कोरिया गिळला. जपानी घरांत अशीच 'नोरीमाकी' होती: नोरी म्हणजे तेच शेवाळ, माकी म्हणजे गुंडाळी, भाताला मात्र शिर्का आणि साखर. कोरियातही हा शब्द रुळला. १९३५ च्या एका कोरियन वर्तमानपत्रात 'किम्बाप' छापलेले सापडते, पण बोलण्यात दोन्ही नावे शेजारी शेजारी नांदत होती. आता पंडितांत दोन तट आहेत. एक म्हणतो, ही जपानी गुंडाळीच, नाव बदललेली. दुसरा म्हणतो, ही जुन्या बोकस्सामची लेक. मला वाटते, चटईवर दाबून लांब गुंडाळी करून चकत्या कापण्याची रीत जपान्यांकडून आली असावी. पानात भात बांधण्याची हौस आणि तिळाचे तेल घरचेच. स्वयंपाकघरात वंशावळ इतकी सरळ कधीच नसते.

पण नावाचा आग्रह कोरियन माणसाने एवढा का धरला, हे कळायला १९४२ सालाकडे जावे लागते. तोवर कोरियन भाषा शाळांतून जवळजवळ हद्दपार झाली होती. १९४० मध्ये लोकांना जपानी धर्तीची नावे घेण्यास भाग पाडले गेले, आणि त्याच वर्षी कोरियन भाषेतली दोन मोठी दैनिके बंद पडली. १९४२ साली हाम्हुंग गावातल्या एका शाळकरी मुलीच्या चौकशीतून पोलीस तिच्या जुन्या शिक्षकापर्यंत पोचले. तो तेव्हा कोरियन शब्दकोशाच्या कामावर होता. शब्द गोळा करणे हा राजद्रोह ठरला आणि भाषामंडळीची धरपकड झाली. त्यांपैकी ली युन-जे आणि हान जिंग तुरुंगातच वारले. कोशाचे हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झाले, आणि जपान शरण गेल्यानंतर, सप्टेंबर १९४५ मध्ये, सोल स्टेशनाच्या गोदामात ती सुमारे २६,५०० पाने सापडली! पहिला खंड १९४७ ला निघाला, सहावा १९५७ ला. असे दिवस पाहिलेल्या लोकांनी बोलण्यातले जपानी शब्द वेचून काढायला घेतले, त्यात नोरीमाकीही गेली आणि किम्बाप उरले.

हे वाचताना मला आजोबा आठवले. आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे, आणि वरच्या वर्गांत शिकायचे तर उर्दूतूनच शिकावे लागे. आजोबा पाढे मराठीत म्हणत आणि अर्ज उर्दूत लिहीत. राज्य गेले तरी त्यांची सही शेवटपर्यंत उर्दूतच राहिली. मी विचारले की म्हणत, "हात तसाच वळलाय, बाबा." तुलना ताणू नये. निजामाने आमची नावे बदलली नाहीत, आणि उर्दू ही शेजारच्या घरची भाषा होती, समुद्रापलीकडून लादलेली नव्हे. तरी ज्या पोराला शाळेच्या दारात आपली भाषा चपलेसारखी काढून ठेवावी लागते, त्याचे दुःख मराठवाड्याला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्याकडेही शुद्धी झाल्या. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोश रचला गेला, पुढे सावरकरांनी भाषाशुद्धी चालवली. पंगतीत मात्र जिलबी जिलबीच राहिली आणि हलवा हलवाच.

पानाविषयी एक गोष्ट राहिली. हे शेवाळ उन्हाळ्यात जाते कुठे, हे शतकानुशतके कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे पीक म्हणजे जुगार. कोडे सोडवले इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या कॅथलीन ड्र्यू-बेकर या बाईंनी. लग्न केले म्हणून विद्यापीठाने त्यांची पगारी नोकरी बंद केली होती. बिनपगारी काम करता करता १९४९ साली त्यांनी दाखवले, की ते त्या काळात शिंपल्यांच्या कवचात दडून वाढते. जपानी कोळ्यांनी १९६३ मध्ये त्यांचे स्मारक उभारले. आज पान पुड्यात मिळते ते त्या शोधामुळे. याच कुळातले शेवाळ पावसाळ्यात आपल्या कोकणच्या खडकांवरही उगवते, पण आपण ते पानात घेत नाही.

दिवाळीच्या सुटीत त्या मुलीला आणि तिच्या आईला घरी बोलावले. मावळचा इंद्रायणी तांदूळ घेतला, कारण भात चिकटच हवा. गरम असतानाच त्यात मीठ आणि तिळाचे तेल. कोरियन तेल भाजलेल्या तिळाचे, आमच्या घाण्याचे कच्च्या तिळाचे, म्हणून आमच्या घरातून थोडे तीळ भाजून कुटून घातले. पिवळा मुळा इथे कुठला मिळायचा? शिर्का, साखर आणि हळदीत साधा मुळा रात्रभर मुरवला. गाजराच्या काड्या परतल्या, पालक वाफवून घट्ट पिळला, अंड्याच्या पोळीच्या पट्ट्या कापल्या. बांबूच्या चटईऐवजी धुतलेला पंचा. पानाची खरखरीत बाजू वर ठेवून त्यावर भात पातळ पसरायचा, पलीकडची कड बोटभर मोकळी सोडायची, आणि भरण अलीकडच्या बाजूला. मुलीची आई म्हणाली, "सर, अळूवडीसारखंच की!" आणि तिने पहिल्याच फेरीत अशी घट्ट गुंडाळी केली, की लेक बघतच राहिली.

एक व्यवहारही बोलून ठेवतो. हे परभणीच्या उन्हाळ्यात करू नये, दुपारपर्यंत आंबते. कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर तोंग्योंगच्या कोळ्यांना हीच अडचण होती. त्यांच्याकडे गुंडाळीत नुसता भात असतो आणि तिखट माकूल व मुळा वेगळा बांधून देतात. १९८१ साली सोलच्या एका मोठ्या उत्सवात तिथल्या बायकांनी ते विकले आणि देशभर नाव झाले. शेतात भाकरी एका फडक्यात आणि ठेचा दुसऱ्यात नेणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

माझी गुंडाळी सैल झाली. विळीवर धरताच भरण बाहेर आले. मुलगी म्हणाली, "सर, विळीला तेल लावा, आणि दाबू नका." तिने कापल्या त्या सगळ्या चकत्या गोल आल्या. दोन्ही टोकांचे भरण बाहेर लोंबत होते. कोरियन पोरे म्हणे टोकांसाठीच भांडतात. ती तिने माझ्या ताटात वाढली.